चौकोनी पाप

आपल्याकडे 'मॉब' व्हायला निदान पन्नास माणसं, एक अफवा आणि कोपऱ्यावर पानाची टपरी एवढी सामग्री लागते. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात एकटी कोंबडीसुद्धा मॉब असते! 'मोबाइल'मधला हा मॉब. जे म्हणून स्वतःहून हलतं, ते सगळं मॉब. ही माहिती मला माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने, पडद्यावरची नजर न काढता, पुरवली.

मार्कस पर्सन या स्वीडिश गृहस्थाने ही सृष्टी 2009 साली लोकांपुढे ठेवली, 2011 मध्ये ती पुरी झाली आणि 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती अडीचशे कोटी डॉलर्सना विकत घेतली. आपल्या विश्वकर्म्याला असं गिऱ्हाईक भेटल्याचं कोणत्याही पुराणात नाही. इथे सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. झाडाचा बुंधा मधूनच तोडा, वरचा भाग हवेत मजेत उभा राहतो. गुरुत्वाकर्षण वाळू, खडी अशा मोजक्या गरिबांनाच लागू, बाकीच्यांना सवलत.

पाण्याचं तर विचारूच नका. सपाट जमिनीवर बादली ओता, पाणी सात घरं जातं आणि थांबतं. दोन बाय दोनचा खड्डा खणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतल्या की उरलेले दोन कोपरे आपोआप भरतात, आणि मग कितीही उपसा, थेंब कमी होत नाही. मे महिन्यात टँकरवाल्याला 'दादा, दादा' करणाऱ्या माणसाने हे पाहावं आणि गप्प बसावं, हा अन्याय आहे. लाव्हारसाला मात्र ही बरकत नाही. तो तीनच घरं सरकतो, तेही पेन्शनच्या रांगेच्या चालीने. पाण्याशी गाठ पडली की दगड होतो.

मॉबांचेही असेच नियम. झोंबी उन्हात जळतो. क्रीपर पाय न वाजवता मागून येतो, फुसफुसतो आणि फुटतो. पण मांजर दिसली की पळ काढतो. (डुक्कर करताना पर्सनसाहेबांकडून लांबी आणि उंचीची अदलाबदल झाली, त्यातून हे ध्यान जन्माला आलं म्हणे.) इथवर मी हसत होतो. मग भाच्याने लोखंडाचा कारखाना दाखवला.

खेळात गावकरी असतात. मोठ्या नाकाचे, 'हं' करणारे, निरुपद्रवी. ते घाबरले की त्यांच्या रक्षणासाठी लोखंडाचा राक्षस प्रकट होतो. तेव्हा तीन गावकरी कोंडायचे, समोर दिसेल पण पोचणार नाही असा एक झोंबी कायमचा बांधायचा. गावकरी घाबरतात, राक्षस धावून येतो, पाण्याचा प्रवाह त्याला लोटत लाव्हारसात नेतो, आणि खाली लोखंड गोळा होतं. रात्रंदिवस. गावकऱ्यांना खाटाही दिलेल्या!

"खाटा कशाला रे?"

"मामा, ते झोपले नाहीत तर राक्षस येत नाही."

कल्याणकारी राज्याची इतकी प्रामाणिक व्याख्या मी ऐकली नव्हती.

आता, यात पाप कुठे आहे? देकार्त सतराव्या शतकात म्हणाला की जनावरं ही नुसती यंत्रं आहेत. जनावरांच्या बाबतीत ते कुणाला पटो न पटो, या गावकऱ्यांच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. पाणी सात घरं वाहतं हा नियम, गावकरी झोंबीला पाहून पळतो हाही नियमच. तरी पाणी अडवलं की मी त्याला बंधारा म्हणतो आणि गावकरी अडवला की तुरुंग. कांटचं म्हणणं असं, की जनावराला छळणारा माणूस माणसांशीही निर्दय होत जातो. म्हणजे प्रश्न गावकऱ्याचा नाही, भाच्याचा. पण मग बुद्धिबळात प्यादी बळी देणारे आमचे शेजारी एव्हाना कसाई व्हायला हवे होते. ते तर मुंग्यांना साखर घालतात.

फरक मला एवढाच दिसतो की प्याद्याला कुणी भ्यायला शिकवलेलं नाही. गावकऱ्याला शिकवलंय. कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं की याने भ्यावं, आणि भ्याल्यासारखं दिसावंही. ते दिसूनही ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याबद्दल मला थोडं वाटतं.

आणि भाच्याला वाटत नाही असंही नाही. हाड घालून माणसाळवलेला एक लांडगा त्याच्याकडे आहे, मोत्या. खाणीत लाव्हारस असतो म्हणून मोत्याला तो कधी खाली नेत नाही.

"मोत्या खरा आहे?"

"नाही. पण त्याला नाव आहे ना!"

"मग त्या मधल्या गावकऱ्याला ठेव की एखादं नाव. गळ्यात अडकवायची चिठ्ठी मिळते म्हणालास ना?"

तो बराच वेळ विचार करत होता. मागे राक्षस येत होते, वाहत होते.

"नको मामा. मग सोडावा लागेल. आणि मला अजून रूळ टाकायचेत."