उघड्या विटांचे सत्य

घर खरे किंवा खोटे बोलू शकते काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो गांभीर्याने विचारला गेला. लंडनच्या प्रतिष्ठित वस्त्यांत विटांच्या भिंतींना गिलावा करून, त्यावर दगडांच्या सांध्यांसारख्या रेघा ओढून घर दगडी असल्याचा आभास निर्माण करण्याची रीत होती. जॉन रस्किन यांनी १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वास्तुकलेचे सात दीप’ या ग्रंथात अशा आभासाला असत्याचाच एक प्रकार ठरवले.

त्यानंतर दहा वर्षांनी केंट परगण्यात एक घर उभे राहू लागले. पंचवीस वर्षांच्या विल्यम मॉरिस यांनी ते आपल्या नव्या संसारासाठी बांधवून घेतले; आराखडा त्यांचे मित्र फिलिप वेब यांचा होता. १८६० साली मॉरिस दांपत्य तेथे राहावयास आले. घराचे नावच ‘रेड हाऊस’. लाल विटा उघड्या ठेवलेल्या, खिडक्यांवरील कमानीही विटांच्याच, वर उतरते कौलारू छप्पर. खिडक्यांचे आकार आणि जागा आतील खोल्यांच्या गरजेप्रमाणे ठरल्या. बाहेरून सारे समप्रमाण दिसावे याची फिकीर वेब यांनी केली नाही. घर काटकोनात वळते, त्या कोनात विहीर आणि तिच्यावर शंकूच्या आकाराचे छप्पर. कँटरबरीला संत थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रेकरूंची वाट जवळूनच जात असे. तिची आठवण म्हणून एका ओसरीला ‘यात्रेकरूंचा विसावा’ हे नाव मिळाले.

या सत्यवचनी घरासाठी पैसा कोठून आला? मॉरिस यांच्या वडिलांनी ‘डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स’ या तांब्याच्या खाणीचे समभाग घेतले होते. त्या उत्पन्नावर पुत्राचे तारुण्य निर्वेध झाले. त्या भागातील खाणींत पुरुष जमिनीखाली राबत, तर स्त्रिया व मुले वर खनिज फोडीत आणि निवडीत. पुढे याच खाणीतून सोमल या जालीम विषाचेही प्रचंड उत्पादन होऊ लागले. मॉरिस स्वतः काही वर्षे त्या कंपनीचे संचालक होते. घराच्या भिंतीतील प्रत्येक सांधा उघडा होता. तिच्यामागचे श्रम मात्र कोणास दिसत नव्हते.

म्हणून ते घर ढोंग ठरते काय? तसे म्हणणे उतावळेपणाचे होईल. नीतिशास्त्र अन्यायातील प्रत्यक्ष सहभाग आणि दूरचा सहभाग यांत भेद करते, आणि तो योग्यच आहे. अन्यथा या जगात भाकरीचा एक तुकडाही निर्मळ मनाने खाता येणार नाही. परंतु हा भेद अपराधाचे माप ठरवण्यासाठी आहे, डोळे मिटून घेण्याची मुभा म्हणून नाही. दूरचा सहभागही ज्याला कळला, त्याच्यावर काही कर्तव्य येतेच.

मॉरिस यांनी १८६५ साली ते घर सोडले. १८७०च्या दशकात त्यांनी खाणीशी असलेला संबंधही संपवला. तोवर तिचे उत्पन्न बरेच घटले होते, त्यामुळे या त्यागाचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु १८८३ साली ते समाजवादी चळवळीत शिरले आणि पुढे कामगारांच्या सभांतून बोलत राहिले. वस्तू खरी आहे काय, या प्रश्नापासून निघालेला हा मनुष्य, ती घडवणाऱ्या हातांना सुख लाभते काय, या प्रश्नापर्यंत पोहोचला. दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटातच होता. सत्याचा आग्रह भिंतीपाशी थांबत नाही. त्याला पायापर्यंत उतरावे लागते.

‘रेड हाऊस’ २००३ सालापासून ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या ताब्यात आहे आणि लोक ते पाहावयास जातात. आपणही घरे बांधतो, आशीर्वादित करून घेतो, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. ती कोणाच्या घामातून उभी राहिली आणि त्या घामाचे मोल पुरते चुकते झाले काय, हे विचारल्यावाचून आपले घर खरे आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.