भिंतीची तारीख

भित्तिचित्राचे छायाचित्र ही चित्राची प्रतिकृती नसून ती भिंत एका ठरावीक दिवशी कोणत्या अवस्थेत होती याची नोंद असते, आणि हा भेद नजरेआड झाल्यामुळेच अजिंठ्याची पुष्कळशी छायाचित्रे देखणी असूनही अभ्यासाला पुरी पडत नाहीत. पुरातत्त्वाला ही शिस्त नवी नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तिथला कोरीव दगड संग्रहालयात नेता येतो, पण ज्या मातीच्या थरात तो सापडला तो थर खणताक्षणीच संपतो, म्हणूनच उत्खननाच्या छायाचित्रात मोजपट्टी, उत्तर दाखवणारा बाण आणि थराची पाटी ठेवण्याचा प्रघात आहे. भिंतीवरचा रंग हाही असाच एक थर असून तो कुदळीऐवजी ओलावा, कीटक, वटवाघळे आणि माणसांची वर्दळ यांमुळे सावकाश जातो, इतकेच.

वैनगंगेच्या खोऱ्यावर सत्ता असलेल्या वाकाटकांच्याच वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमच्या, शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. या लेण्यांतील चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत: खडबडीत कातळावर भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व राजावर्ताचा निळा रंग, अशी ही रचना आहे. जिथे रंगाचा पापुद्रा गळून पडला आहे तिथे तपकिरी माती आणि तिच्यात रुतलेल्या तुसाच्या खुणा उघड्या पडतात. ती जागा छायाचित्रात कुरूप दिसते, परंतु चित्रकाराच्या हातापूर्वीचा गवंड्याचा हात तिथेच वाचता येतो.

रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे तैलरंगात उतरवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या कामापैकीही बराच भाग १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेला. म्हणून कॅमेरा अधिक प्रामाणिक, असे मात्र ठरत नाही. गिलच्या काळातील ओल्या काचपट्टीवरील रसायन निळ्या प्रकाशाला झटकन आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसे, त्यामुळे त्या तंत्राने घेतलेल्या चित्रात गेरू काळवंडतो व निळा फिका पडतो. कृष्णधवल छटाही अशा तऱ्हेने आपली बाजू घेऊन बसलेली असते.

रंगीत छायाचित्रांची अडचण वेगळी आहे. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पुन्हा जखडला, हे त्यांचे मोठेच उपकार. पण चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले. त्यामुळे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून चार भागांत प्रसिद्ध केलेल्या संग्रहातील रंग आणि नंतर रोगण उतरवल्यावरचे रंग यांची तुलना करताना मूळ छटा, रोगण आणि छपाईची शाई वेगवेगळी ओळखावी लागतात. यापैकी कोणतेही छायाचित्र खोटे नाही. प्रत्येकाची तारीख तेवढी वेगळी आहे.

बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी झगझगीत दिवे न लावता मंद प्रकाशात दीर्घ काळ पडदा उघडा ठेवून घेतलेल्या छायाचित्रांत पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या कांतीचे सौम्य उठाव दिसतात, जे समोरून मारलेल्या प्रखर दिव्यात सपाट होतात. त्याच भिंतीवर दिवा एका बाजूने जवळजवळ समांतर धरला, तर चित्र विद्रूप होते आणि पोकळ झालेला, पोट काढून बाहेर आलेला गिलावा सावलीसह उमटतो. संवर्धकाला हेच छायाचित्र हवे असते आणि ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ते कधीच जात नाही. संगणकावर हरवलेले हात, डोळे आणि दागिने पुरे करून दाखवणाऱ्या आजच्या प्रतिमांना त्यांचे स्थान आहे, मात्र त्यांच्या शेजारी न भरलेली, मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून, दिव्याची दिशा व दिनांक लिहून घेतलेली मूळ नोंद जपलेली नसेल, तर पन्नास वर्षांनी एखादे बोट कधी गळले हे शोधणाऱ्याला ते बोट मुळात गळलेलेच दिसणार नाही.