सांध्यावर थांबणे

आजच्या मननाला एक दगड पुरेल. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, बॅन्क्रॉफ्ट गावाच्या आसपास असे नमुने मिळतात. फिकट गुलाबी, कधी केशरट कॅल्साइट आणि त्यात रुतलेले गडद तपकिरी अभ्रकाचे सहा बाजूंचे स्फटिक. अभ्रकाच्या या जातीला फ्लोगोपाइट म्हणतात. असा नमुना तुमच्या संग्रहात असेल तर तळहातावर घ्या. आपल्याकडे जळगाव-नाशिककडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत कॅल्साइट मिळतो तो स्टिलबाइट, अपोफिलाइट यांच्या सोबतीने. अभ्रक त्या घरचं नाही. तो कॅल्साइट हाताशी असला तर तोही चालेल. काहीच नसेल तर नुसतं सावकाश वाचा. प्रत्येक टप्प्यानंतर दोन-चार श्वास जाऊ द्या, मगच पुढे या.

आधी फक्त वजन आणि गारवा. दगड हाताची ऊब ओढून घेतो आहे, म्हणून गार लागतो आहे. तो कितीला मिळाला, कुणाकडे याहून मोठा आहे, हे विचार येतीलच. येऊ द्या, जाऊ द्या. हात आणि दगड सारखेच कोमट होईपर्यंत काही करायचं नाही.

आता अभ्रकाकडे. वरून पाहा, सपाट आणि झगझगीत. कडेनं पाहा, बारीक समांतर रेघा, जुन्या पोथीची पानं दाबून बसलेली असावीत तशा. नख तिथे टेकवलं की पापुद्रा उचलायचा मोह होतो. नख टेकलेलं राहू द्या, उचलू नका. अभ्रकाचे थर स्वतःपुरते घट्ट असतात, पण एकमेकांना ते मधल्या पोटॅशियमच्या आधारानं सैलसरच धरून असतात. म्हणून अभ्रक सुटतं ते त्या एकाच पातळीत. एक थर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरभर जाडीत दहा लाख थर. मनातल्या मनात एक काढा. खाली तसाच झगझगीत पृष्ठभाग. आणखी एक काढा. पुन्हा तेच. ऑन्टारिओतल्याच लेसी खाणीत १० मीटर लांबीचा फ्लोगोपाइटचा स्फटिक सापडला होता. तो सोलत बसलं असतं तरी दर वेळी हेच दिसलं असतं. आत जावं म्हणून सोलायला घ्यावं, तर हाती येतं ते आणखी एक बाहेर.

इथे थोडं थांबा.

मग कॅल्साइट. हा तीन दिशांनी फुटतो. फुटलेल्या तुकड्याची बाजू पाहा. काटकोन कुठेच नाही. एक कोन सुमारे ७८ अंशांचा, त्याच्या शेजारचा १०२ चा. चौकोनी खोका एका बाजूला कलला आहे असं वाटतं. तुकडा आणखी फोडला तर त्याच आकाराचे लहान तुकडे होतात. फ्रान्सच्या रने-ज्यूस्त आउई यांनी कॅल्साइटच्या या फुटण्यावरूनच विचार पुढे नेला आणि १७८४ मध्ये स्फटिकांच्या रचनेवरचा आपला ग्रंथ छापला. फोडत फोडत शेवटी एक सर्वांत लहान एकक उरेल आणि त्याच एककाच्या रचाईतून स्फटिक उभा राहत असेल, असं त्यांचं म्हणणं. आपल्यापुरतं त्यातलं एवढंच घेऊ: कॅल्साइट फोडून कॅल्साइटच मिळतो.

दोन्ही खनिजं एकच गोष्ट सांगताहेत. फोडल्यानं त्यांच्याबद्दल नवं काही हाती लागत नाही. मग या दगडात असं काय आहे, जे फोडलं की नाहीसं होतं?

नजर आता सांध्यावर आणा. अभ्रक संपतं आणि कॅल्साइट सुरू होतो, ती रेघ. तिच्यावरून हळूहळू फिरा. कुठे कड सुरीनं कापल्यासारखी सरळ आहे, कुठे वाकलेली. कुठे कॅल्साइटची बारीकशी जीभ थरांमध्ये शिरली आहे. ही रेघ ना अभ्रकाची, ना कॅल्साइटची. दोघं वेगळे केले की दोघंही शाबूत राहतील. रेघ तेवढी जाईल.

ही सोबत योगायोगाची नाही. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रेनव्हिल पर्वतनिर्मितीत ऑन्टारिओतले चुन्याचे जुने थर खोल दाबले गेले, तापले. अशा वेळी डोलोमाइट, पोटॅश फेल्डस्पार आणि पाणी यांच्यातून फ्लोगोपाइट तयार होतं, आणि त्याच अभिक्रियेत कॅल्साइटही तयार होतो. मॅग्नेशियम अभ्रकाकडे जातं, कॅल्शियम कॅल्साइटकडे, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. एकाच वाटणीतले हे दोन हिस्से.

इथून प्रश्न संग्राहकाकडे वळतो. अभ्रकाचे स्फटिक नीट दिसावेत म्हणून कॅल्साइट विरल आम्लात विरघळवायची रीत आहे. दगड बुडवला की बुडबुडे येतात, कॅल्साइट खाली खाली जातो, स्फटिक वर उठून दिसतो. राखायच्या भागावर आधी मेणाचा लेप देतात. नंतर कितीतरी वेळ साध्या पाण्यात भिजत ठेवावं लागतं, कारण अभ्रकाच्या थरांत शिरलेलं आम्ल सहजी निघत नाही. थोडं काढलं की सांधा उघडा पडतो, लख्ख दिसतो. सगळं काढलं की सुटा स्फटिक उरतो; देखणा खरा, पण तो कशात वाढला हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. आम्लाला यातलं काही ठाऊक नसतं. कॅल्साइट आहे आणि आम्लात जोर आहे तोवर ते चालूच राहणार. थांबायचं काम माणसाचं.

स्वतःला विचारा, उत्तराची घाई नको: जे स्पष्ट दिसावं म्हणून मी आजूबाजूचं काढत जातो, त्याचा किती भाग त्या आजूबाजूचाच होता?

शेवटी चिठ्ठी. खनिजांची नावं, गाव, खाण किंवा रस्त्याकडेची कटाई, प्रांत, देश, मिळाल्याची तारीख. आम्ल वापरलं असेल तर तेही. चिठ्ठी हरवलेला नमुना दिसायला तसाच राहतो, फक्त जमिनीशी त्याचा सांधा तुटतो, आणि तो मेण लावून राखता येत नाही. तेव्हा मनन संपवून उठण्याआधी लिहायची राहिलेली एक चिठ्ठी लिहून टाका.