प्रेरणेला वेळ आणि पत्ता द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी करिअर मार्गदर्शनाची व्याख्यानं होतात. परिस्थितीवर मात केलेल्यांच्या कहाण्या ऐकून मुलांच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं, आणि आठवडाभरात सारं जैसे थे होतं. याला आपण आळस म्हणतो. पण खरं कारण वेगळं आहे: सभागृहातून उठताना पुढचं पाऊल ठरलेलंच नसतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. धनुर्वाताची भीती घालणारी पुस्तिका विद्यार्थ्यांना वाचायला दिली. नुसती पुस्तिका वाचलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लस घ्यायला गेले. ज्यांना सोबत आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि आपल्या वेळापत्रकात सवड शोधायला लावलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले.

मग भाषणं हवीत कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर त्याच प्रयोगात आहे. पुस्तिकेशिवाय नुसता नकाशाही पुरला नाही. आधी मन हलावं लागलं. म्हणजे प्रेरणा खोटी नाही, ती अपुरी आहे. वक्त्याची वाट ही त्याच्या काळाची, त्याच्या घरची. तिची नक्कल करता येत नाही. पण तिच्यातून मिळालेली उमेद आपल्या कामाला जुंपता येते. म्हणून पुढचं व्याख्यान ऐकाल तेव्हा टाळ्या वाजवून झाल्या की वहीत एकच ओळ लिहा: उद्या किती वाजता, कुठे जाऊन, काय करणार. आणि उद्या तेवढं नक्की करा.