आठ अँटेनांचं यंत्र

एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय होतं. दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. खाली वर्तमानपत्रांची खोली, पुस्तकांची लोखंडी कपाटं आणि दर्शनी बाजूला अध्यक्षांची खोली. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. तिच्या अगदी टोकाला पूर्वी जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवत. ती खोली रिकामी करून मुलींना बसायला दिली होती. गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला सकाळीच यायची आणि रात्री मामांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला की उठायची.

मामा म्हणजे वाचनालयाचे शिपाई. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा भला माणूस. वाचनालयाला ‘ब’ वर्ग मिळावा म्हणून त्यांनी जिल्ह्याला घातलेल्या खेपा गावाला ठाऊक होत्या.

मुलांनी एकदा अर्ज दिला. जाहिरात, फॉर्म, प्रवेशपत्र, उत्तरतालिका, सगळं आता मोबाईलवरच येतं. वाचनालयात वायफाय असावं. अण्णांनी अर्ज वाचला आणि महिन्याच्या आत इंटरनेटची लाइन घेतली. पुढच्या खेपेला शहरातून यंत्रही आणलं. दुकानदाराने विचारलं होतं, खोल्या किती, माणसं किती? अण्णा म्हणाले होते, “ते राहू दे. सगळ्यात मोठं असेल ते दे.”

यंत्राला आठ अँटेना होत्या. अण्णांनी ते आपल्याच खोलीत, संस्थापकांच्या तसबिरीखाली बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसत असे, आणि अण्णांना ते दिसावंसंच वाटे. नारळ फुटला, पेढे वाटले. अण्णांच्या मोबाईलवर क्षणात बातम्या उघडल्या.

वरच्या मजल्यावर मात्र कुरकुर सुरू झाली. मुलांच्या खोलीत कधी चाले, कधी नाही. मुलींच्या खोलीत कधीच नाही. तिथे एक मुलगी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला फॉर्म भरायचा असला की ती मोबाईल घेऊन मागच्या जिन्यात जाऊन उभी राही. तिथे दोन कांड्या दिसत. फोटो चढवताना चक्र फिरत राही, वेळ संपे, पुन्हा पहिल्यापासून. जिन्यावरून वर-खाली करणारी माणसं तिला वळसा घालून जात.

संध्याकाळी अभ्यासिका भरली की खुद्द अण्णांच्या खोलीतलंही इंटरनेट रखडू लागलं. यंत्र हातभर अंतरावर आणि पान उघडायला मिनिट! अण्णांना वाटलं, पोरं रील्स बघत असणार. त्यांनी पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड दुपारपर्यंत सगळ्यांना कळला. तो कसा कळला, हे मामांनी कधी सांगितलं नाही. शेवटी अण्णा म्हणाले, “याहून मोठं यंत्र आणू,” आणि ते बसवायला त्यांनी एका कारागिराला बोलावलं.

कारागीर स्कूटरवरून आला. पिशवीत ड्रिल, केबलचं वेटोळं, जॅक दाबायचा चिमटा. मध्यम वयाचा, कमी बोलणारा. त्याने यंत्राकडे एकदा पाहिलं आणि मामांकडे वळला.

“मामा, माणसं बसतात कुठे कुठे? संध्याकाळी जास्त कुठे असतात? मोबाईल घेऊन जागा सोडून कोण उठतं?”

अण्णांना हे जरा खटकलं. विचारायचं ते अध्यक्षांना विचारावं. पण मामांनी बोटांवर मोजत सगळं सांगितलं, जिन्यातल्या मुलीसकट.

मग कारागीर मोबाईल हातात धरून इमारतभर फिरला. पडद्यावर सिग्नलचा एक आकडा होता. अण्णांच्या खोलीत उणे ४०. पुस्तकांच्या कपाटांमागे उणे ७०. मुलींच्या खोलीत तो दारातून माघारी फिरला नाही. “ताई, जरा उठता का?” असं म्हणून तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर स्वतः बसला, ती धरते तसा मोबाईल मांडीजवळ धरला, आणि मग आकडा पाहिला. उणे ८२.

“८२? मग इथे जास्तच आहे की!” अण्णा म्हणाले.

“उणे आहे, अण्णा. शून्यापासून जितकं लांब तितकं कमी. १० उतरलं की दहावा हिस्सा उरतो, ३० उतरलं की हजारावा. तुमच्या खोलीतून इथवर ४२ उतरलंय. मधे दगडी भिंती आहेत, लोखंडी कपाटं आहेत. नीट चालायला उणे ६७ च्या आसपास तरी हवं.”

“मग यंत्राची ताकद वाढव. ते पूर्ण लावलंय का कोणी?”

लावलेलं नव्हतं. कारागिराने वाद घातला नाही. खाली जाऊन त्याने ताकद शेवटच्या टोकाला नेली. वर आल्यावर कोपऱ्यातला आकडा उणे ७५ वर आलेला होता आणि मुलीच्या मोबाईलवर एक कांडी वाढली होती. अण्णा खूश झाले. “बघ, एवढंच होतं!”

“ताई, आता फॉर्म उघडा,” कारागीर म्हणाला.

तिने उघडला. चक्र फिरलं. फिरतच राहिलं. अण्णांनी कांड्या पाहिल्या, चक्र पाहिलं, पुन्हा कांड्या पाहिल्या.

“अण्णा, ग्रामसभेत सरपंचाच्या हातात भोंगा असतो,” कारागीर म्हणाला. “शेवटच्या रांगेतल्या आजीला त्याचं सगळं ऐकू जातं. आजीला काही विचारायचं असलं तर तिच्याकडे भोंगा नाही. ती विचारते, सरपंचाला ऐकू येत नाही. ती पुन्हा विचारते. आता सरपंचाला याहून मोठा भोंगा दिला, तर आजीचा आवाज वाढेल का?”

अण्णा काही बोलले नाहीत.

“मोबाईलचा आवाज मुळातच लहान. बॅटरी वाचवायची असते त्याला. या कांड्या दिसतात ना, त्या यंत्राचं मोबाईलला किती ऐकू येतं ते दाखवतात. मोबाईलचं यंत्राला किती ऐकू जातं, ते या पडद्यावर कुठेच दिसत नाही.”

उपाय त्याने सांगितला तो असा : मोठं यंत्र आणायचं नाही. आहे त्याच्या जोडीला दोन लहान ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी यंत्रं, लावायचे, एक मुलींच्या खोलीत आणि एक मुलांच्या.

अण्णांनी हिशेब मांडला. मुलींच्या खोलीत बसणार दहा-बारा जणी. त्यांच्यासाठी वेगळं यंत्र, वेगळी केबल? “मधल्या बोळात एकच लाव. दोन्ही खोल्यांना मिळेल, आणि दिसायलाही बरं.”

“बोळात कोणी अभ्यासाला बसत नाही, अण्णा. दोन्हीकडच्या भिंती आड येतील आणि दोन्ही खोल्यांना अर्धवट मिळेल.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “असं करू. आधी फक्त मुलींच्या खोलीत लावतो. संध्याकाळी तुमच्या खोलीतलं इंटरनेट सुधारलं नाही, तर मला एक पैसा देऊ नका.”

“माझ्या खोलीतलं?”

“हो, तुमच्याच.”

हे काही अण्णांच्या गळी उतरलं नाही. पण पैज त्यांच्या बाजूची होती. ते हो म्हणाले.

काम दुपारभर चाललं. केबलला वाट काढायला अण्णांच्या खोलीतल्या भिंतीला भोक पाडायचं होतं, आणि नेमकी तिथे तक्रारपेटी टांगलेली होती. चांगली शिसवी पेटी, पितळी कुलूप. वर्षानुवर्षांत तिच्यात एकही चिठ्ठी पडली नव्हती. पाहुण्यांना वाचनालय दाखवताना अण्णा हे आवर्जून सांगत. मामांनी पेटी उतरवली, किल्ली शोधून उघडली. आत कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. तेही जुनं, रिकामं.

दगडाला भोक पाडायला वेळ लागला. लांब बिट दोनदा गरम होऊन थांबवावं लागलं. केबल कपाटांच्या वरून, जिन्याच्या कडेने पट्टीत बसवून वर गेली. मामा शिडी धरून उभे होते. त्यांनी विचारलं, “वर विजेचा पॉइंट कुठेय?” कारागीर म्हणाला, लागत नाही, याच केबलमधून इंटरनेटही जातं आणि यंत्रापुरती वीजही. फक्त केबल १०० मीटरच्या आत हवी, आणि ही तर ३५ सुद्धा नाही. त्याने तबकडीएवढं पांढरं यंत्र खोलीच्या मध्यावर, पंख्यापासून हात-दीड हात बाजूला, तुळईला खाली तोंड करून बसवलं. अँटेना एकही दिसत नव्हती. अण्णांनी मान वर करून पाहिलं. एवढंसंच? असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

मग कारागीर खाली आला आणि त्याने जे केलं ते अण्णांना सगळ्यात कठीण गेलं. त्याने आठ अँटेनांच्या यंत्राची ताकद कमी केली. नुसती दुपारी वाढवलेली नाही, आधी होती त्याहूनही खाली आणली.

“अरे, माझं का कमी करतोस?”

“याचा आवाज वर ऐकू येत राहिला तर मोबाईल याला सोडत नाहीत. डोक्यावर दुसरं यंत्र असलं तरी जुन्यालाच चिकटून बसतात. कुठल्या यंत्राला धरायचं ते शेवटी मोबाईल ठरवतो, आपण नाही. मोठ्या यंत्राने आवाज आवरला, की ते आपापल्या जवळच्याकडे जातात.” जुनं यंत्र त्याने चॅनेल १ वर ठेवलं, नवं ६ वर. तिसरं आलं तर त्याला ११. हे तीन एकमेकांच्या बोलण्यात येत नाहीत, असं तो मामांना सांगत होता. मामांनी ते आकडे रोजच्या हजेरीवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

संध्याकाळ झाली. अभ्यासिका भरली. कोपऱ्यातल्या मुलीने खुर्चीवर बसूनच फॉर्म उघडला, फोटो चढवला, सही चढवली आणि पावती उतरवून घेतली. तिने मान वर केली नाही की कोणाला काही सांगितलं नाही. पुढचं प्रकरण काढलं आणि वाचायला लागली.

खाली अण्णांनी बातम्या उघडल्या. उघडल्या. व्हिडिओ लावला. न थांबता चालला. लाइन तीच, यंत्र तेच, त्याची ताकद तर कमी केलेली. अण्णांनी कारागिराकडे पाहिलं.

“सभेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं ना,” तो म्हणाला. “वायफायमध्येही तसंच. एक यंत्र आणि त्याच्यावरचे सगळे मोबाईल मिळून एकच हवा वापरतात. एक बोलत असला की बाकीचे थांबतात. ज्याचं बोलणं नीट पोचत नाही तो सावकाश बोलतो आणि तेच तेच पुन्हा बोलतो. वरच्या दहा-बारा जणी रोज संध्याकाळी तसंच करत होत्या. तेवढा वेळ तुमचा मोबाईल इथे हातभर अंतरावर गप्प बसून होता. आता त्यांचं जवळच ऐकलं जातंय, म्हणून इथली हवा मोकळी झाली.”

अण्णा बराच वेळ त्या आठ अँटेनांकडे बघत राहिले.

गोष्ट एवढीच. पण तिच्यात एक गाठ आहे, ती सोडवून ठेवायला हवी. ज्याच्या हातात भोंगा असतो त्याला आपला आवाज लांबवर पोचल्याच्या खुणा मिळत राहतात. उलट बाजूचा आवाज वाटेत विरला, ही बातमी त्याला कोण देणार? ती त्याच विरलेल्या आवाजात असते. म्हणून भल्या माणसालाही आपलं सगळं नीट चाललंय असं मनापासून वाटू शकतं. आणि शेवटच्या खुर्चीवरची अडचण तिथेच राहते असंही नाही; ती सगळ्यांच्या वेळातून वसूल होते. फक्त भोंगेवाल्याला तिचं कारण भलतीकडेच दिसतं.

अण्णांनी तिसऱ्या यंत्राचे पैसे त्याच दिवशी दिले. कारागीर सामान आवरत होता तेव्हा मामा तक्रारपेटी पुन्हा खिळ्याला लावायला आले.

“तिथे नको,” अण्णा म्हणाले. “वर लावा. पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ.”

पुढच्या आठवड्यात पेटीतून चार चिठ्ठ्या निघाल्या. दोन पंख्याच्या आवाजाबद्दल, एक वर्तमानपत्रांची पानं फाडणाऱ्यांबद्दल. चौथी लहान, वहीच्या कागदावर, नाव न घातलेली : मागच्या जिन्यात दिवा नाही, रात्री उतरताना भीती वाटते.

अण्णांनी ती दोनदा वाचली. मामांना हाक मारून विचारलं, “मागच्या जिन्यातला दिवा कधी गेला?”

“गेला कुठे, अण्णा,” मामा म्हणाले. “तिथे कधी नव्हताच.”