चिखलाचं कारण

तुम्ही कधी रणगाड्याचं मॉडेल रंगवलंय? नसेल तर एवढंच सांगतो: कोरा रंग देणं सोपं, तो जुना करणं अवघड. माझ्या टेबलावर सध्या एम-४८ पॅटन आहे, मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, जेमतेम वीतभर. हिरवा रंग वाळला की पातळ केलेला तपकिरी तैलरंग खाचाखोचांत सोडायचा. झाकणाच्या कडांवर, जिथे बुटांची ये-जा असते, तिथे स्पंजच्या तुकड्याने रंग उडाल्याचे ठिपके द्यायचे. एक्झॉस्टजवळ गंज, कारण तिथला रंग उष्णतेने आधी जळतो. शेवटी पट्ट्यांवर चिखल. प्रत्येक डागाला कारण हवं, हा या छंदातला नियम. कारण नसेल तर ती नुसती घाण.

याच नियमाने मला अडचणीत आणलं.

माझा पॅटन सप्टेंबर १९६५ मधला, असल उत्तरच्या लढाईतला. खेमकरणजवळ आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, उसाच्या आडोशाने दबा धरला आणि पाकिस्तानचे पॅटन रुतले. म्हणजे ज्या चिखलावर मी दोन संध्याकाळी घालवल्या, तो पावसापाण्याचा नव्हताच. तो डावपेच होता. आणि रुतलेल्या अशा एकेका रणगाड्यात चार माणसं होती: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर.

प्रयोगशाळेतला माझा एक सहकारी कसूरचा, म्हणजे खेमकरणच्या पलीकडचा. घरी जेवायला आला तेव्हा त्याने मॉडेल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. काम छान झालंय म्हणाला. मग सहज विचारलं, "आतले बाहेर पडले का?"

मला उत्तर देता आलं नाही. तो विचार मी केलाच नव्हता. गंजाचं कारण मला पाठ होतं, माणसांचं काय झालं ते नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग काय रक्त रंगवायचं? नाही. दुसऱ्याचं मरण शोकेसमध्ये मांडणं हे त्याहून वाईट. मग छंदच सोडायचा? तेही पटत नाही. आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयातले रणगाडे लहानपणी पाहिले, ते रंगरंगोटी केलेले, स्वच्छ. युद्ध म्हणजे काय, हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. उलट या वीतभर प्लॅस्टिकवरच्या चिखलाने, उशिरा का होईना, एक प्रश्न विचारायला लावला.

काही गोष्टी न दाखवणं म्हणजे खोटेपणा नव्हे. पण आपण काय दाखवलं नाही, हे स्वतःला ठाऊक असायला हवं. ते विसरून 'अगदी हुबेहूब' म्हणणं, हा खोटेपणा. आणि हे मॉडेलपुरतं नाही. परदेशात बसून आपण आपल्या विजयांच्या गोष्टी मुलांना सांगतो, तेव्हाही हाच हिशेब लागू पडतो. विजय खरा असतो, अब्दुल हमीद यांचं शौर्य खरं असतं. आणि समोरच्या रणगाड्यातली चार माणसंही खरीच असतात. एक खरं सांगताना दुसरं पुसावं लागत नाही.

त्या रात्री मी मॉडेलवर एकच बदल केला. वरची झाकणं चिकटवलेली होती, ती हलक्या हाताने सोडवून उघडी लावली. ती का उघडी आहेत, हे कुणी विचारलं तर सांगायला आता माझ्याकडे कारण आहे.