धाकटा ऐकतो आहे

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तारापूर एमआयडीसीत बऱ्याच गेटांवर सुरक्षा सप्ताहाचे फलक लागतात. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. शपथ होते, बक्षिसं दिली जातात. पण रसायनांच्या प्लांटमध्ये माणसं वाचतात ती एका साध्या सवयीमुळे. जिन्यावर तेल सांडलं होतं, पाय घसरला, कठडा हाती लागला म्हणून पडलो नाही. एवढंसं झालं तरी लिहून द्यायचं. तिथे त्याला ‘निअर मिस’ म्हणतात. चांगला सुपरवायझर असं सांगणाऱ्याला घाबरट म्हणत नाही. तो तेल पुसून घेतो, गळती कुठे आहे ते शोधतो.

घरात मात्र मनाचं असं काही सांगायला जागाच नसते. मुलगा म्हणतो, झोप येत नाही, कशात लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, मोबाईल कमी कर. मुलगी म्हणते, मला काही करावंसंच वाटत नाही. आपण म्हणतो, तुला काय कमी आहे? बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, काळजीच असते. आणि एखाद्या घरातलं तरुण पोर आत्महत्येने गेलं की मग सगळेच गप्प होतात. पालघर असो की बोईसर, चित्र तेच. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत सतरंजी, गावाहून आलेले नातेवाईक. कुणी हळूच विचारतं, काय झालं होतं? काका पुढे होऊन सांगतात, अटॅक आला. आईबापांना त्या घडीला बोलायचं बळ नसतं, कुणी त्यांना दोष देऊ नये. पण गेलेल्याचा धाकटा भाऊ कोपऱ्यात बसलेला असतो. खरं काय ते त्याला ठाऊक आहे. आलेल्या प्रत्येकाला दिलेलं उत्तर तो ऐकतो, आणि घरात ही गोष्ट बोलायची नाही एवढं शिकतो. उद्या त्याच्या मनात अंधार दाटला तर त्याने जायचं कुणाकडे? दादाबरोबर एकाच खोलीत राहणारे, एकाच शिफ्टला जाणारे मित्रही तेच शिकतात. मला या गप्प बसण्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ती या मागे राहिलेल्या मुलांसाठी.

काही आईबाप काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, बोलायचं ठरवतात. फार नाही, दोनच वाक्यं: तो आजारी होता, त्याला नैराश्य होतं. कसा गेला याचा तपशील नाही, कुणावर खापर नाही, कारण एकाच गोष्टीमुळे असं होत नसतं. एवढं बोलायलाही छाती लागते. पण मग शेजारीण जवळ येऊन सांगते, आमच्या मुलीलाही गोळ्या चालू आहेत, कुणाला बोललो नव्हतो. २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली, देशात सर्वांत जास्त. इतक्या घरांनी हे दुःख पाहिलं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच. पोलिसांची भीतीही असते, म्हणून वेळीच सांगितलं जात नाही. खरं तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नको, उपचार हवेत असं म्हटलं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर तो पूर्वीसारखा सरसकट गुन्हा राहिलेलाच नाही.

आज कामावर निघण्याआधी किंवा रात्री जेवताना एवढंच करून बघा. आधी स्वतःचं सांगा: या आठवड्यात मला जड गेलं, दोन रात्री झोप नीट नव्हती. मोठ्यांनी सांगितलं की मुलांना सांगायला सोपं जातं. मग विचारा, आणि उत्तर आल्यावर लगेच उपाय सांगू नका, ऐकून घ्या. फारच काळजी वाटत असेल तर सरळ विचारा, जगू नये असं वाटतं का? विषय काढल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि स्वयंपाकघरात गॅस एजन्सीचा नंबर लावलाय ना, त्याच्याच खाली १४४१६ लिहून ठेवा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. त्रास होतोय त्यानेच फोन करायला हवा असं नाही. ज्याला कुणाची काळजी वाटते आहे, त्या आईने, मित्राने, धाकट्या भावाने केला तरी चालतो.